आपल्या खाडीत वीज किती? स्वतः मोजून बघा

‘आपल्या खाडीवर वीज करता येईल’ असं गावात कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या लहान भरतीला, पाणी किती चढतं? पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आकड्याशिवाय बोलणं पचत नाही. आणि हा आकडा काढायला एक वेळू पुरतो.

वेळूवर दर दहा सेंटिमीटरला ऑइलपेंटची रेघ मारा आणि धक्क्याच्या खांबाला तो दोन ठिकाणी नायलॉनच्या दोरीने आवळा. खालचं टोक उधाणाच्या ओहोटीलाही पाण्यात राहिलं पाहिजे. कोरडं पडलं तर मोजमाप फुकट. पावसाळा सरल्यावरच कामाला लागा. पावसात नदीचं पाणी खाडीत उतरतं नि आकडा बिघडतो.

वेळेसाठी तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, तिथून सहाएक तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, म्हणून अर्धा तास आधी जाऊन बसावं. लाट वर आली की कुठे टेकते, खाली गेली की कुठे, ते बघून मधली रेघ लिहायची. भरती-ओहोटीतला फरक ही तुमची उंची. अमावास्येचं उधाण मोजाच, पण अष्टमी-नवमीचा भांग चुकवू नका. फुशारकी सगळे उधाणाची मारतात, यंत्र भांगालाही चालवावं लागतं.

आता हिशेब. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीच्या, बांधाला उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) असतेच. भरतीचं पाणी आत कोंडून ओहोटीला यंत्रातून सोडायचं. मीटरमधल्या उंचीचा वर्ग करा, त्याला १४ ने गुणा. एका हेक्टरमागे एका ओहोटीला फार तर एवढी युनिटं. अडीच मीटरला ८७, एक मीटरला जेमतेम १४. हाती तिसरा हिस्सा लागला तरी भलं. खाजण उथळ असेल तर तेवढंही नाही. क्षेत्र सातबाऱ्यावरचं नको, पाण्याखाली येतं तेवढंच धरा. कांदळवन त्यातून वगळा.

फ्रान्समध्ये ला रान्सला १९६६ पासून २४० मेगावॉटचं केंद्र आहे, कारण तिथे पाणी सरासरी आठ मीटर चढतं. आपल्या दोन मीटरच्या चौपट उंची, म्हणजे हेक्टरी सोळापट वीज! खंबायतच्या आखातात भावनगरकडे उधाणाला दहा मीटरच्या आसपास चढतं, तिथली गोष्ट वेगळी. कोकणात मोठं केंद्र परवडेल असं मला वाटत नाही. उघाडीवरचे दिवे, कोळंबीच्या तळ्याचा पंप, इतपत ठीक.

त्यातही वीज ओहोटीच्या काही तासांतच मिळते, आणि ती वेळ रोज पन्नासएक मिनिटं पुढे सरकते. तेव्हा बॅटरीचा खर्च यंत्राच्या आधी मांडा.