तिकडचं कॉन्व्हेंट म्हणजे आपलं सोलापूरचं कॉन्व्हेंट नव्हे

दर दोन-तीन वर्षांनी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळेला मी अमेरिकेतल्या ओहायोहून सोलापूरला माहेरी येते, आणि दर वेळी कुणीतरी वाट बघत असतं. यंदा अक्षता सोहळ्याहून आले, चपला काढते न काढते तोच आई म्हणाली, "शेजारच्या काकूंची सून येऊन गेली. मुलांना घेऊन ओहायोला निघालीय, तुला काहीतरी विचारायचंय तिला." काय विचारायचंय ते मला पाठ आहे. "ताई, तिकडं चांगलं कॉन्व्हेंट मिळेल ना?" साखर पेठेतून, विजापूर रोडवरून, जुळे सोलापुरातून, सगळीकडून हाच प्रश्न येतो. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

मी स्वतः सोलापुरात सिस्टरांच्या शाळेत शिकले. आपल्या लेखी कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी माध्यम, कडक शिस्त, पॉलिश केलेले बूट आणि अ‍ॅडमिशनसाठी ओळख. वर्गात ख्रिश्चन मुली जेमतेम दोन-तीन. त्या कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला जायच्या आणि आम्ही बाकीच्या 'मॉरल सायन्स'ला. धर्माचा संबंध तिथंच संपायचा. अमेरिकेतली कॅथलिक हायस्कूल तशी नसते. ती खरोखरच कॅथलिक असते. नववी ते बारावी चारही वर्षं धर्माचा तास सगळ्यांना सक्तीचा, त्याची परीक्षा, त्याचे मार्क, आणि ते मार्क जीपीएत, म्हणजे एकूण सरासरी गुणांकात धरतात. महिन्यातून एक-दोनदा सगळी शाळा 'मास'ला, म्हणजे मिस्सेला, बसते. मूल हिंदू असो, मुसलमान असो की कुठल्याच धर्माचं नसो, बसावं लागतं. हे पटत नसेल तर सरकारी शाळा आहेत, फुकट आहेत, आणि चांगल्या वस्तीत असतील तर उत्तम आहेत. त्यात कमीपणा काही नाही. 'सरकारी' म्हटल्यावर आपल्या लोकांचा चेहरा पडतो, तो तेवढा पाडू नका.

तरीही कॅथलिक शाळेतच घालायचं ठरलं, तर सगळ्यात आधी माझी चूक ऐका.

2016 साली मोठी मुलगी नववीत जायची होती. तेव्हा आम्ही ओहायोच्या शेजारच्या राज्यात होतो. फेब्रुवारीत शाळेनं ऑनलाइन फॉर्म पाठवला, 'एनरोलमेंट काँट्रॅक्ट'. मला वाटलं, अ‍ॅडमिशनचा फॉर्म असेल. पाचशे डॉलर भरले, सही केली, आईला फोन करून पेढे वाटायला सांगितले. जूनमध्ये नवऱ्याचा प्रोजेक्ट बंद पडला. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याची नोकरी गेली की आता निदान साठ दिवसांपर्यंत मुदत मिळते, तेव्हा तीही नव्हती. जुलैत ओहायोत काम मिळालं, आम्ही बाडबिस्तरा उचलला. शाळेला कळवलं की मुलगी येणार नाही. उलट टपाली बिल आलं 11,800 डॉलरचं. करारात लिहिलं होतं, एक जूननंतर नाव काढलं तरी पूर्ण वर्षाची फी देणं लागतं. मुलीनं त्या शाळेचा एक बाकसुद्धा पाहिला नव्हता. तेव्हाच्या भावानं जवळपास आठ लाख रुपये झाले. हप्ते पाडून घेतले, चौदा महिने फेडत होतो. नवरा म्हणायचा, वकील करू. वकिलानं पहिल्या भेटीतच सांगितलं, सही तुमचीच आहे ना, मग भरा.

म्हणून सांगते, तो अ‍ॅडमिशनचा फॉर्म नसतो. तो करार असतो. तीन गोष्टी शोधा: कुठल्या तारखेपर्यंत नाव काढता येतं, नोकरी गेली किंवा बदली झाली तर सवलत आहे का, आणि फीचा विमा मिळतो का. नसेल लिहिलेलं तर सहीच्या आधी ई-मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. व्हिसावर असलेल्या माणसानं तर हे दोनदा करावं. आपली लोकं 'सिस्टर चांगल्या आहेत, समजून घेतील' म्हणतात. सिस्टर चांगल्याच असतात, पण बिल ऑफिसातून येतं.

फीचं म्हणाल तर हायस्कूलला वर्षाला साधारण दहा ते वीस हजार डॉलर, गाव आणि शाळा बघून. मदतीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत बऱ्याचदा अ‍ॅडमिशनच्या आधी संपते. आमच्या ओहायोत 'एडचॉइस' नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे. 2023 पासून ती सगळ्या उत्पन्नगटांना खुली केली, कमाई जास्त तशी रक्कम कमी. त्यावर कोर्टात वाद चालू आहे, तेव्हा तिच्या भरवशावर घरचं गणित मांडू नका.

प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी एचएसपीटी नावाची परीक्षा असते, आठवीत असताना देतात. आपल्या पोरांना ती जड जात नाही.

आता मासचं. पहिल्याच मासला माझ्या मुलानं घोळ घातला. सगळी रांगेत निघाली, हाही निघाला. फादरनी पांढरी गोल चकती पुढं केली, यानं दोन्ही हात जोडून प्रसादासारखी घेतली, डोळ्याला लावली आणि खिशात टाकली, आज्जीसाठी. फादर धावतच त्याच्या मागं आले. आपल्या दृष्टीनं केवढा आदर! पण त्यांच्या श्रद्धेत ती चकती म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर. ती फक्त दीक्षित कॅथलिकांनी घ्यायची आणि तिथंच खायची. बाकीच्यांनी रांगेत जायचं असेल तर हात छातीवर फुलीसारखे घ्यायचे, म्हणजे नुसता आशीर्वाद मिळतो. नाहीतर जागेवर बसून राहायचं, कुणी काही म्हणत नाही. हे मुलाला पहिल्या दिवसाआधी सांगा. शाळा सांगत नाही, त्यांना वाटतं हे सगळ्या जगाला माहीत असतं.

राखेचं मात्र उलट. लेंटच्या, म्हणजे त्यांच्या उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी कपाळावर राखेची फुली लावतात. ती कुणीही लावून घ्यावी. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. मुलगा ती लावून घरी आला तेव्हा माझे सासरे आमच्याकडं आले होते. रोज तीन बोटं विभूती लावणारा माणूस. त्यांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "आडवी लावायची सोडून उभी कशाला लावली बे?" विषय संपला.

'पोरं बाटतील' म्हणून घाबरवणारे तुम्हाला तिकडच्या महाराष्ट्र मंडळात भेटतील. त्यांचीच मुलं घरी 'वरणभात' म्हणायला लाजतात, ते वेगळं. माझा अनुभव उलटा आहे. अकरावीत 'वर्ल्ड रिलिजन्स'चा तास होता. सिस्टरनी मुलाला तुमच्या गावच्या देवाबद्दल सांग म्हटलं आणि साहेबांना काही येईना. रात्री आजोबांना फोन. मग सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगं, सात नंदीध्वज, आणि त्या कुंभारकन्येची गोष्ट, जिचं लग्न शेवटी त्यांच्या योगदंडाशी लागलं, सगळं विचारून विचारून लिहून घेतलं. वर्गात सांगितल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मला हे कळतं. आमच्यातही नन ख्रिस्ताची वधू मानली जाते." गड्ड्यावर तो लहानपणी फक्त पाळण्यात बसायला जायचा. अक्षता कशाच्या, ते त्याला ओहायोत कळलं.

आता अ‍ॅक्टिव्हिटी. शाळेचा निम्मा जीव त्यात असतो, आणि आपली लोकं नेमकी इथंच चुकतात. सगळ्यांची पोरं रोबोटिक्समध्ये आणि डिबेटमध्ये. का, तर कॉलेजच्या अर्जाला चांगलं. दोन्ही चांगलीच आहेत, पण नव्या पोराला तिथं जाऊन पुन्हा आपलीच पोरं भेटतात, आणि त्यांची आई त्याच्या मार्कांची चौकशी करते.

माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी क्रॉस-कंट्रीत घाला. म्हणजे लांब पल्ल्याचं पळणं, माळावरून, झाडीतून. त्याला बहुतेक शाळांत निवड चाचणी नसते, येईल त्याला घेतात, शेवटून पहिला आला तरी टाळ्या पडतात. आणि मुख्य म्हणजे सराव ऑगस्टच्या सुरुवातीला, शाळा भरायच्या आधीच सुरू होतो. पहिल्या दिवशी डबा खायला कुणाशेजारी बसायचं, हा नव्या पोराचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. क्रॉस-कंट्रीवाल्यांना तो पडत नाही, त्यांची वीस-पंचवीस माणसं आधीच ठरलेली असतात. माझा मुलगा चार वर्षं पळाला, एकदाही पहिल्या दहात आला नाही, आणि सगळ्यात जवळचे मित्र तिथलेच. त्याआधी डॉक्टरकडून खेळाचा 'फिजिकल' फॉर्म भरून घ्या, त्याशिवाय मैदानात पाऊल ठेवू देत नाहीत. नववी सुरू झाल्यावर शाळा बदलली तर खेळाच्या पात्रतेवर नियम लागतात आणि काही सामने बाहेर बसावं लागू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

सेवेचे तास असतात, वर्षाला ठरावीक. जेझुइट, म्हणजे कॅथलिकांमधल्या एका संघाच्या शाळांत तर त्याचं फारच महत्त्व. त्यांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी 1973 मध्ये माजी विद्यार्थ्यांना सुनावलं होतं की आपल्या शिक्षणातून इतरांसाठी जगणारी माणसं घडली पाहिजेत. तेव्हापासून ते वाक्य त्यांच्या भिंतीभिंतीवर. आपल्याकडं मात्र या तासांचं सर्टिफिकेट होतं. गणपतीत खुर्च्या मांडल्या दोन तास, 'काका, वीस लिहा ना'. एका काकांनी लिहिले, शाळेनं त्यांना फोन केला, आणि पोराला सगळ्यांदेखत पुन्हा करायला लावले. माझा मुलगा अन्नवाटप केंद्रात डबे लावायचा. तिथं त्याला पहिल्यांदा कळलं की अमेरिकेतही माणसं महिनाअखेरीला रिकामी असतात. ते कळलेलं बरं.

एक कायद्याचं: एच-फोर, म्हणजे एच-वन-बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या पोराला पगाराचं काम चालत नाही. शाळेतली मुलं उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावावर, आइस्क्रीमच्या दुकानात काम करतात, याला नाही करता येत. मित्रांत कमीपणा वाटतो त्याला. आधीच समजावून सांगा. फुकट सेवा चालते.

आईबापांनाही काम असतं. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मॅचला खाण्याचा स्टॉल पालक चालवतात. माझी पाळी आली तेव्हा हातात मोजे दिले आणि हॉटडॉगच्या पाण्याशी उभं केलं. मी जन्मात अंड्याला हात लावला नाही. शेजारच्या बाईला हळूच सांगितलं, तिनं एका शब्दानं न विचारता मला पॉपकॉर्नच्या मशीनवर पाठवलं, आणि चार वर्षं ते मशीन माझंच झालं. बोला, इतकंच सांगणं आहे. न बोलता गैरहजर राहिलात तर मात्र 'हे इंडियन लोक येत नाहीत' असं होतं. लेंटमध्ये शुक्रवारी कँटीनमध्ये मांस नसतं, आपल्याला बरं. पण मासे ते मांसात धरत नाहीत, आणि सूप कशाच्या पाण्यात उकळलंय ते विचारायचं. देणग्या, सोडती, लिलावाचं जेवण, हे वर्षभर चालूच. जमेल तेवढं द्या, लाजून जास्त देऊ नका.

डान्स, प्रॉम, त्यावरून घरात भांडण होणारच. होऊ द्या.

अकरावी-बारावीत तीन-चार दिवसांचं रिट्रीट, म्हणजे चिंतनाचं शिबिर असतं, बऱ्याच शाळांत त्याला 'कैरोस' म्हणतात. शाळा पालकांकडून गुपचूप पत्र मागवते. मुलांना हे आधी सांगायचं नसतं, त्यामुळं हा परिच्छेद पोराला दाखवू नका. मी मराठीत लिहिलं. इंग्रजीत मला 'प्राउड'च्या पुढं काही सुचेना. दोन पानं लिहिली. त्याला त्यातलं स्वतःचं नाव आणि 'सोलापूर' एवढंच वाचता आलं. परत आल्यावर त्यानं फोटो काढून आजोबांना पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर वाचून घेतला. आजोबांनी आधी माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका काढल्या, मग वाचलं. मी स्वयंपाकघरात होते, बाहेर आले नाही.

निघायच्या आधी सोलापुरात करायची कामं. मागच्या तीन-चार वर्षांच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह इंग्रजीत घ्या, दोन प्रती बंद पाकिटात. शाळा सोडल्याचा दाखला शेवटी घ्या, आधी घेतला आणि व्हिसा लांबला तर पोरगं घरी बसतं. लसींचं कार्ड इंग्रजीत करून डॉक्टरांची सही घ्या. ओहायोत सातवीपासून टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वर) या लसी लागतात, बारावीत मेनिंगोकोकल पुन्हा. आपल्या पोरांना लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळं क्षयाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येते आणि सगळ्यांची धावपळ होते. तिथं रक्ताची चाचणी मागा.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी मोठ्या बॅगेत टाका, हे कागद हातातल्या पिशवीत. आणि जुलै संपायच्या आत पोचा, पळायला सुरुवात ऑगस्टमध्ये होते. करार आला तर सही करू नका, आधी मला पाठवा.