गरम जागी कुठली टेप लावायची
साधी काळी पीव्हीसी टेप साधारण ८० डिग्रीपर्यंतच ठीक, त्यापुढे गोंद वितळून चिकचिक होते, त्यामुळे हीटर, सोल्डरिंग असल्या ठिकाणी ती नकोच. तिथे ती पिवळसर तपकिरी पॉलीइमाइड टेप घ्या (कॅप्टॉन म्हणतात ती), सिलिकॉन गोंदवाली असेल तर २६० डिग्रीपर्यंत टिकते, काढल्यावर डागही फारसा राहत नाही आणि इन्सुलेशनलाही मस्त. फक्त एकदा कडेला चीर पडली की सरळ फाटत जाते, म्हणून धारदार कडेवर किंवा घासणाऱ्या वायरवर ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्यांच्या कापडाची) टेपच बरी. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवायचा पावडरचा रंग) करताना नको तो भाग झाकायला, म्हणजे मास्किंगला, हिरवी पॉलिएस्टर टेप पुरते, उगाच महागडी कशाला! आणि हो, घेताना टेप किती टेम्परेचर सोसते आणि तिचा गोंद किती सोसतो, दोन्ही बघा, आधी गोंदच दगा देतो.