जोडधंदा बुडतो तो या चुकांनी

दर उन्हाळ्यात दोन-चार पोरं शेतीच्या जोडधंद्याचं विचारायला येतात. हातात मोबाइल, त्यात कुणाचा तरी 'दोन एकरात दहा धंदे' छाप व्हिडिओ. शेळ्या, कोंबड्या, तुती, शेवगा, वर शेततळ्यात मासे. एकट्या सोयाबीनवर मराठवाड्यात भागत नाही, हे मलाही मान्य आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेलं पाणी ज्याने बघितलं, त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. पण दहा धंदे एकदम काढले की दहाही अर्धवट राहतात. एक धंदा दोन वर्षं अंगवळणी पडू द्या, मग दुसरा. एवढं म्हटलं की पोरांची तोंडं उतरतात.

सगळ्यात जास्त चुका रेशमात बघतो. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. २०१८ साली जालन्यात कोष बाजार सुरू झाला आणि विक्रीची रड कमी झाली. त्यामुळे रेशमाच्या अळ्यांच्या पाल्यासाठी तुती लावायची घाईही वाढली. शेजारी कोण, तो काय फवारतो, हे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

माझी एक एकर तुती, धुऱ्यापलीकडे सोयाबीन. श्रावणातली बॅच होती, दीडशे अंडीपुंजांची (एका पतंगानं घातलेली अंडी म्हणजे एक पुंज). चौथी कात टाकून अळ्या उठलेल्या. या शेवटच्या आठवड्यात त्या सगळ्यात जास्त पाला खातात. शेडच्या दारात उभं राहिलं तरी खाण्याची सरसर ऐकू येते. त्या संध्याकाळी दार उघडलं, तर शेड गप्प. अळ्या डोकी इकडून तिकडं हलवत होत्या, तोंडातून हिरवं पाणी, अंग पिळवटलेलं. सकाळी घमेल्यानं भरून खड्ड्यात टाकल्या.

शेजारच्या नानांनी सकाळी सोयाबीनवरच्या चक्रीभुंगा किडीसाठी फवारा मारला होता, वारं आमच्याकडं. दुपारी मी तोच पाला तोडून टाकला. भांडायला गेलो तर म्हणाले, "आरं, तुझ्या किड्याला वास बी सहन होत न्हाई, हे तू मला कधी सांगितलास?" खरंच सांगितलं नव्हतं.

आता धुऱ्याकडच्या चार ओळींचा पाला मी अळ्यांना घालतच नाही, तो शेळ्यांनाही नाही. मध्ये शेवरी दाट लावली आहे. पाला संशयाचा वाटला तर आधी वीस-पंचवीस अळ्यांना घालून दुसऱ्या दिवसापर्यंत बघतो. नाना फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करतात. मी पहाटेच फांद्या तोडून ओल्या पोत्यात झाकून ठेवतो. आणि तंबाखू मळलेल्या हातानं शेडमध्ये कुणी शिरलं तर माझ्या तोंडाला लागू नये. पाहुणा असला तरी.

शेळ्यांचं थोडक्यात. उस्मानाबादी शेळी चिवट, जुळी देणारी, पण बाजारातून आणलेली शेळी त्याच दिवशी जुन्या कळपात सोडू नका. तीन आठवडे लांब बांधा. आम्ही जुन्या बैलगोठ्यात बांधतो. पीपीआरची (शेळ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची) लस दिली आहे का, हे विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नका, शेळ्यांना स्वतः डॉक्टरकडून टोचून घ्या. पुतण्यानं हे ऐकलं नाही. "काका, एवढ्या चांगल्या दिसायल्यात की!" म्हणाला. चांगल्या दिसणाऱ्या त्या सहा शेळ्यांनी घरच्या नऊ नेल्या.

चाऱ्याआधी शेड बांधू नका. कर्ज काढून पक्कं शेड तर नकोच. शेळीला कोरडी जागा लागते, फरशी नाही.

तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट रास झाली की स्वस्तात देऊन टाकायचं आणि चैतात दुप्पट भावानं विकत आणायचं, हा आमच्या गावचा जुना खेळ. ताडपत्रीखाली झाकून ठेवा.

शेणखत, लेंड्या, रेशमाची विष्ठा उघड्या उकिरड्यावर वाळवू नका.

आणि हिशेब खिशातल्या चिठ्ठ्यांवर नको. आमची वही घरी हिच्याकडे असते, घरचा मका अन् स्वतःची मजुरीही ती मांडते. तिनंच एकदा वही पुढ्यात ठेवली: साठ कोंबड्यांनी वर्षभरात आमच्याच खिशातून खाल्लं होतं. मी आठवडाभर वाद घातला. आता दहा आहेत, घरच्या अंड्यांपुरत्या.