स्क्वीझिंग दिसलं म्हणून जिलेबी वाटू नका : या चुका टाळा

रविवारी पोहे आटोपले की उन्हाळी प्रकल्प करून आलेलं एखादं एमएस्सीचं पोर इंदूरच्या आमच्या घरी लॅपटॉप उघडून बसतं. "सर, पंप लावला की गोंगाट 1 डीबीने उतरतो. स्क्वीझिंग!" पंप म्हणजे चिपला ऊर्जा देणारा जोरदार मायक्रोवेव्ह सिग्नल, डीबी म्हणजे डेसिबल, आणि स्क्वीझिंग म्हणजे लहरीच्या दोन घटकांपैकी एकातला गोंगाट दाबणं, दुसऱ्यातला फुगवून. मी आत चहा टाकायला सांगतो. वेळ लागणार असतो.

हेच मीही केलंय. पीएचडीच्या वेळी जोसेफसन पॅरामेट्रिक अॅम्प्लिफायरचा (स्क्वीझिंग करणाऱ्या अतिवाहक चिपचा) पंप लावला, गोंगाट उतरला, रात्री अकराला घरी फोन. दुसऱ्या दिवशी आईनं वाड्यात जिलेबी वाटली. आठवड्याने लक्षात आलं, गोंगाट दोन्ही क्वाड्रेचरमध्ये, म्हणजे त्या दोन्ही घटकांत, उतरला होता. एक दाबलं की दुसरं फुगायलाच हवं. हायझेनबर्ग कुणाला सूट देत नाही. पंपाची गळती थेट 4 केल्विनवरच्या हेम्ट अॅम्प्लिफायरपर्यंत (पुढच्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरपर्यंत) पोचून त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, बसला होता. प्रकाश नाही, अॅम्प्लिफायरच आवळला गेला होता.

साधा हिशेबही केला नव्हता. 5 गिगाहर्ट्झला हेम्टचा स्वतःचा गोंगाट साधारण 10 फोटॉनचा, निर्वाताचा (रिकाम्या जागेतलाही अटळ क्वांटम गोंगाट) अर्ध्या फोटॉनचा. मधे दुसरा क्वांटम अॅम्प्लिफायर नसेल, तर तो अर्धा पुरता पुसूनही एकूण गोंगाट जेमतेम 0.2 डीबी उतरतो. 1 डीबी येणार कुठून?

तेव्हापासून मी एक बारीक टेस्ट टोन (ठरावीक वारंवारतेचा क्षीण सिग्नल) कायम चालू ठेवतो, पॅरामेट्रिक अॅम्प्लिफायरच्या बँडविड्थबाहेर पण हेम्टच्या आत. पंप लावल्यावर तो हलला, तर त्या दिवसाचा डेटा टाकून देतो. मग पंपाची फेज फिरवतो. गोंगाटाच्या आलेखात खड्ड्याच्या जागी टेकडी यायलाच हवी.

अटेन्युएटरबद्दल (सिग्नल क्षीण करणाऱ्या भागाबद्दल) थोडक्यात : 300 केल्विनची केबल सरळ चिपवर आणलीत, तर 5 गिगाहर्ट्झला साडेबाराशे औष्णिक फोटॉन सोबत येतात. अख्खे 60 डीबी वर खोलीच्या तापमानालाच बसवणारे महाभाग पाहिलेत. अरे, अटेन्युएटरही गरम असतो! टप्प्याटप्प्यानं खाली, फ्रिजच्या थंड पायऱ्यांवर वाटा.

निम्मी शक्ती वाटेत गळाली, तर 10 डीबीचं स्क्वीझिंग 2.6 वर येतं. कनेक्टर नीट आवळा.

आणि गोंगाट घटला म्हणजे तो निर्वाताखाली गेला असं नव्हे. 1988 मध्ये युर्के आणि सहकाऱ्यांनी दाबला तो 4.2 केल्विनचा औष्णिक गोंगाट, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच तसं स्पष्ट लिहिलं. आमच्या पोरांना तेवढा धीर कुठला!

परवाच्या पोराला विचारलं, टेस्ट टोन कुठाय? म्हणाला, "सर, आलेखात मधेच टोक दिसत होतं, म्हणून बंद केला."