भंगाराच्या ट्रकात किरणोत्सर्गी तुकडा नेमका कुठंय, लांबूनच कसं शोधायचं

जालन्यात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या माझ्या मित्रांसाठी लिहायलोय. गेटवरचा रेडिएशन मॉनिटर वाजला की चार पोरं वर चढवून माल उपसायला लावायचा नाही, हात जोडून सांगतो. 2010 ला दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठानं लिलावात काढलेलं कोबाल्ट-60 चं यंत्र भंगारवाल्यांनी हातानं खोललं आन् एक माणूस जिवानिशी गेला.

आधी ड्रायव्हरला उतरवून एकट्याला मॉनिटरमधून चालवा, थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेलं असलं तर त्याच्यामुळंबी वाजतं. मग ट्रक एका कडेला, माणसं लांब. अंतर दुप्पट केलं की अंगावर येणाऱ्या किरणांची मात्रा चौथाईवर येते, हे फुकटचं संरक्षण आहे.

आता गॅमा कॅमेरा, म्हणजे किरणोत्सर्गी तुकड्यातून निघणारे गॅमा किरण टिपणारा कॅमेरा. गॅमा किरण काचेच्या भिंगानं वळत नाहीत, म्हणून समोर टंगस्टन नाहीतर शिशाची भोकाभोकांची जाळी लावतात. दुपारी जाळीच्या खिडकीतून फरशीवर नक्षी पडते ना, सूर्य सरकला की नक्षी सरकते, तसंच मागच्या डिटेक्टरवर सावली कशी पडली त्यावरून कॉम्प्युटर दिशा काढतो. 2015 ला सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एका दुर्बिणीत हीच युक्ती आहे. जास्त ऊर्जेचे किरण जाळीतूनच आरपार जायला लागतात, तिथं कॉम्प्टन कॅमेरा बरा, त्यात किरण एका थरात आपटून दुसऱ्यात अडकतो आन् दोन्हीकडच्या ऊर्जेवरून कोन निघतो.

एका जागेवरून नुसती दिशा कळते, म्हणून ट्रकच्या मागून एक फोटो घ्या आन् बाजूनं दुसरा, दोन रेषा जिथं कापतात तिथं तो किरणोत्सर्गी तुकडा, म्हणजे सोर्स. घाई नका करू, सोर्स कमजोर असला किंवा लोखंडाखाली दबलेला असला तर कॅमेरा बराच वेळ तसाच ठेवावा लागतो. आन् सेटिंगमध्ये फक्त पीकच्या (ऊर्जेच्या आलेखात वर आलेल्या टोकाच्या) आसपासचीच ऊर्जा घ्या, नाहीतर लोखंडावर आपटून आलेले किरण सगळा फोटो पसरट करतात, इथंच जास्त लोक फसतात. 662 केईव्हीवर (हे किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) पीक म्हणजे सीझियम-137, 1173 आन् 1332 ची जोडी म्हणजे कोबाल्ट-60. 1460 दिसलं तर पोटॅशियम, पोटॅश खताची गाडीबी मॉनिटर वाजवते.

फोटो, पीकचे आकडे, मीटरचं रीडिंग लगेच एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. आन् ट्रक परत पाठवू नका, तो दुसऱ्या कुणाच्या तरी भट्टीत जातो, तिथं कोबाल्ट पोलादात मिसळतं आन् सीझियम धुरासोबत उडून धूळ गोळा करणाऱ्या फिल्टरात बसतं, मग तो फिल्टर झाडणारा पोरगा किरणांच्या तडाख्यात सापडतो.