टाकीत पाय टाकण्याआधी

पावसाळ्याच्या तोंडावर कारखान्यांत ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या, टाक्या साफ करायचं काम निघतं. मे महिन्याचं ऊन, ठेकेदाराने आणलेली चार-पाच माणसं, तळाला वर्षभराचा काळा गाळ, आणि "अर्ध्या दिवसाचं तर काम आहे" असं म्हणणारा कोणीतरी. केमिकल कारखान्यांत सुरक्षेचं काम करता करता माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीच तारापूरला आणि नंतर लोट्याला. या कामाची तयारी मी दर वर्षी सुपरवायझरना तोंडी सांगतो. यंदा लिहून देतो आहे. ज्याला पहिल्यांदाच टाकी साफ करून घ्यायची आहे त्याने ती आदल्या दिवशी शांतपणे वाचावी.

सुरुवात शेवटापासून करा. आतला माणूस कोसळला तर त्याला बाहेर कोण काढणार आणि कशाने, याचं उत्तर सगळ्यात आधी तयार पाहिजे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका कारखान्यात होतो. तिथे टाकीत उतरलेला एक जण खाली बसला तो उठलाच नाही. वर उभा असलेला त्याचा गाववाला मागचापुढचा विचार न करता शिडीने उतरला. आम्ही पोचलो तेव्हा मॅनहोलच्या कडेला त्याच्या रबरी चपला होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. शिडी ओली होती, पाय घसरू नये म्हणून त्याने काढल्या असणार. दोघेही गेले. कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्येच सांगून ठेवलं होतं की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात. त्या चपला पाहिल्यापासून प्रत्येक टाकीची तयारी मी त्या दुसऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून करतो.

तेव्हा आदल्या दिवशीच ट्रायपॉड (तीन पायांची घोडी) आणि विंच (दोर गुंडाळून माणूस वर ओढायचं यंत्र) स्टोअरमधून काढून मॅनहोलवर उभे करून बघा. विंचची दोरी तळापर्यंत पोचते का ते वजन सोडून पाहा. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, पूर्ण अंगाचा हवा, दोर अडकवायची कडी पाठीवर खांद्यांच्या मध्ये असलेला. कमरेच्या पट्ट्याने बेशुद्ध माणूस वर ओढला तर तो मधोमध दुमडतो आणि मॅनहोलमध्ये अडकतो. मॅनहोलचं तोंड टेपने मोजा. पाठीवर बीए सेट (हवेचा सिलिंडर आणि मास्क) घेतलेला माणूस त्यातून जातो का, हे कागदावर ठरत नाही, एकाला सेट चढवून उभं करा. जात नसेल तर ते काम त्या तोंडातून होणार नाही, दुसरं तोंड उघडा. पुरेसं मॅनहोल, अंगाला पट्टा, पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हातात आणि जाणकार माणसाचा लेखी दाखला, हे सगळं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्येच लिहिलेलं होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. यात माझ्या पदरचं काही नाही.

त्याच दिवशी आणखी एक प्रश्न विचारून घ्या: माणूस उतरवायलाच हवा का? जेटिंगच्या, म्हणजे जोरात मारलेल्या, पाण्याने गाळ पातळ करून व्हॅक्यूम टँकरने वरूनच ओढता येतो. खर्च जास्त येतो आणि खरेदी विभाग कुरकुरतो. कुरकुरू द्या. मी तीन टाक्यांपैकी दोन अशाच साफ करून घेतो.

जी टाकी उतरल्याशिवाय साफ होणार नाही, तिच्यात गेल्या वर्षभरात काय काय आलं ते प्लँटच्या माणसाला समोर बसवून विचारा. ईटीपीतला सगळ्यात मोठा वैरी हायड्रोजन सल्फाइड. साचलेल्या गाळात हवा पोचत नाही, तिथले जिवाणू सल्फेटपासून तो बनवत राहतात. सोडियम सल्फाइड वापरणाऱ्या प्लँटचं पाणी येत असेल आणि त्याच टाकीत कोणी अॅसिड सोडलं, तर जिवाणूंची वाटही बघावी लागत नाही, गॅस तिथल्या तिथे उसळतो. जानेवारी २०२२ मध्ये सुरतच्या सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं केमिकल नाल्यात सोडताना गॅस सुटला आणि ६ कामगार गेले. त्यामुळे साफसफाईच्या दिवशी त्या टाकीकडे येणारी एकही लाइन चालू नको. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, व्हॉल्व्ह गळतात. फ्लँज (पाइपचा जोड) खोलून ब्लाइंड, म्हणजे बंद चकती, मारा, नाहीतर स्पूल, म्हणजे पाइपचा मधला तुकडाच, काढून ठेवा. अॅजिटेटर (टाकी ढवळणारं यंत्र) असेल तर त्याचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावा आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात द्या.

आता मीटर. चार गॅसचा डिटेक्टर असतो: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. सकाळी मोकळ्या हवेत चालू करा, ऑक्सिजन २०.९ दाखवतो का बघा, मग बंप टेस्ट करा, म्हणजे ओळखीचा गॅस त्याला हुंगवून अलार्म वाजतो की नाही ते पाहा. कपाटात वर्षभर पडलेला मीटर शून्य दाखवतो तेव्हा ते शून्य टाकीतलं आहे की मेलेल्या सेन्सरचं, हे बंप टेस्टशिवाय कळत नाही. वाचन घेताना आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. हा क्रम सोडू नका, कारण ऑक्सिजन फार कमी असेल तर ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर चुकीचा आकडा देतो. नळी सोडून वर, मध्ये आणि तळाला अशी तिन्ही ठिकाणी वाचनं घ्या. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे, तो खाली बसतो. नळीतून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी थांबा, घाई करू नका. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ च्या वर, ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान पातळीच्या १० टक्क्यांवर, किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) पोचला, तर परमिटवर, म्हणजे उतरायच्या लेखी परवानगीवर, सही होणार नाही.

नाकाचं काय, असं मुलं विचारतात. सडक्या अंड्याचा वास येतो ना, आला की बाहेर येऊ. हे मला दर वर्षी खोडावं लागतं, आणि मी ते फळ्यावर आकडे लिहून खोडतो. हा वास अगदी नगण्य प्रमाणातही येतो, तेव्हा माणसाला वाटतं आपलं नाक पहारा देतंय. १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाकच बधिर होतं, वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि गॅस मात्र वाढत असतो. ५०० ते ७०० ला पाच मिनिटांत झोकांड्या जाऊन माणूस पडतो. ७०० ते १००० ला एकदोन श्वासांत शुद्ध हरपते आणि श्वास थांबतो. हाक मारायला, दोर हलवायला, शिडीकडे वळायला वेळच मिळत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्या टाकीत खाली बसलेला तो माणूस ओरडला का नाही, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी या आकड्यांतून समजलं.

आणखी एक फसवणूक आहे, आणि अनुभवी माणसंही तिला बळी पडतात. सकाळी मीटरने सगळं ठीक दाखवलं, परमिट निघालं, माणूस उतरला. त्याने फावडं गाळात घातलं. काळी साय फुटते, खालून बुडबुडे येतात, आणि गाळात कोंडलेला गॅस त्याच्या गुडघ्याशी मोकळा होतो. गेल्या वर्षी मी मॅनहोलवरून बघत होतो, पहिल्या फावड्याला मीटर शून्यावर होता, चौथ्या फावड्याला १४ पीपीएमवर, आणि अलार्म वाजला. मुलगा वर आला तेव्हा म्हणाला, "साहेब, काहीच वास नव्हता." म्हणून सकाळचं वाचन हे फक्त सकाळचं. एक मीटर आतल्या माणसाच्या छातीवर, नाकाच्या जवळ, सतत चालू पाहिजे. अलार्म वाजला की फावडं टाकून वर यायचं, हातातलं संपवून नाही. उतरण्याआधी वरूनच लांब दांड्याने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने गाळ ढवळून घ्या आणि मगच पुन्हा मोजा.

ब्लोअरची (आत हवा ढकलणाऱ्या पंख्याची) डक्ट, म्हणजे जाड नळी, तळापर्यंत सोडा. वरच्या वर फिरणारी हवा खालच्या गॅसला हात लावत नाही. ब्लोअरचं तोंड जिथून हवा ओढतं तिथे डिझेल जनरेटर किंवा उभा टँकर नको, नाहीतर त्याचा धूर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तुम्ही स्वतः आत ढकलता. आणि आत गुदमरायला होतंय म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर कोणी टाकीत सोडायला निघाला तर त्याचा हात धरा. ऑक्सिजन वाढला की कपडेसुद्धा भडकन पेटतात. दिवा फ्लेमप्रूफ, म्हणजे बाहेरचा गॅस पेटू न देणारा, आणि २४ व्होल्टचा.

मास्कबद्दल ठेकेदारांशी माझी दर वर्षी वादावादी होते. कापडी मास्क, धुळीचा मास्क गॅसला काडीचाही अडवत नाही. कॅनिस्टरचा (गाळणीचा डबा लावलेला) मास्क गॅस गाळतो, पण ऑक्सिजन बनवत नाही, आणि गॅस अचानक वाढला तर तो पुरत नाही. टाकीत जायचं तर बाहेरून हवा देणारी एअरलाइन, कमरेला पळण्यापुरता छोटा सिलिंडर लावलेली, नाहीतर पाठीवरचा बीए सेट. ३० मिनिटांचा म्हणून मिळणारा सेट फावडं मारणाऱ्या माणसाला ३० मिनिटं पुरत नाही. सिलिंडरमधला दाब साधारण ५५ बारवर आला की शिट्टी वाजते, पण शिट्टीची वाट न बघता वर यायची वेळ आधीच ठरवा. दाढी हा नाजूक विषय आहे. दोन दिवसांचे खुंटही मास्कची कड चेहऱ्याला चिकटू देत नाहीत. कुणाची दाढी श्रद्धेची असेल तर त्याला वरचं काम द्या, चारचौघांत बोलू नका. बाकीच्यांसाठी मी रेझरचं पाकीटच ठेवतो.

माणसं निवडताना आदल्या दिवशी ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यात, सगळ्यांना नेऊन आणा. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कालची दारू, रात्रपाळी करून सरळ आलेला, यातलं काही असेल तर तो उतरणार नाही, आणि त्याची रोजंदारीही कापली जाणार नाही. हे दुसरं वाक्य आधी सांगितलं नाही तर पहिल्याचं खरं उत्तर मिळत नाही. समजावून सांगताना ज्या भाषेत त्यांना कळतं त्या भाषेत सांगा. माझ्याकडे निम्मी मुलं बिहार-ओडिशाची असतात, मराठीत केलेलं टूलबॉक्स टॉक (कामाआधीची समज) त्यांच्या डोक्यावरून जातं. ज्याला उतरायला भीती वाटते त्याने नाही म्हणावं, आणि ते त्याला माझ्यासमोर म्हणता यावं.

मॅनहोलवर एक होल वॉच, म्हणजे पहारा देणारा माणूस. त्याला दुसरं कुठलंही काम नाही. पाणी आणायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, जेवायला जायचं तर बदली माणूस आल्याशिवाय हलायचं नाही. त्याच्या वहीत आत गेलेल्याचं नाव, वेळ, मीटरचा आकडा. दोराची खूण ठरलेली. आणि त्याला हाताला धरून सांगा की आत काहीही झालं तरी तू उतरणार नाहीस. तू विंच फिरवशील, शिट्टी वाजवशील, ओरडशील. गाववाला असेल, भाऊ असेल, तरी नाही. भाऊ असेल तर त्याला होल वॉच ठेवूच नका. बीए सेट चढवून तयार असलेले दोघे वाऱ्याच्या वरच्या बाजूला, सावलीत बसलेले हवेत.

गाडीचं आधीच ठरवा. १०८ ला फोन कोण करेल, गेटवर कोण उभा राहील, एमआयडीसीच्या फायर स्टेशनला सकाळीच कळवलंय का. जवळच्या ज्या दवाखान्यात नेणार तिथे ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर आहे का, हे जाऊन पाहा. सोबत जाणाऱ्याच्या हातात गॅसचं नाव लिहिलेला कागद द्या. नुसतं "गॅस लागला" म्हटलं तर डॉक्टरला काहीच कळत नाही. बाहेर काढलेल्याचा श्वास बंद असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, पण तोंडाने तोंडात श्वास देऊ नका, त्याच्या श्वासातला आणि कपड्यांतला गॅस तुम्हालाही लागतो.

काम संपलं की माणसं मोजा, हत्यारं नंतर. थोडासाही गॅस लागलेल्याला, बरं वाटतंय म्हणाला तरी, ओएचसीत ठेवा. फुप्फुसात पाणी भरायला कधी कधी बरेच तास लागतात. फॉस्जीन या विषारी वायूच्या बाबतीत हे सगळ्यात ठळक दिसतं: डिसेंबर १९८१ मध्ये, वायुगळतीच्या तीन वर्षं आधी, भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये फॉस्जीन लागलेला एक कामगार पुढे दवाखान्यात दगावला. माझ्या टाकीत फॉस्जीन नसतो, तरी नियम तोच ठेवतो. घरी जाताना प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असते, त्याच्या भाषेत: रात्री खोकला, दम, छातीत जड, डोकं गरगरणं, काहीही झालं तर या नंबरवर फोन कर, वेळ बघू नकोस. खोलीवर एकटा राहणाऱ्याच्या शेजाऱ्यालाही तीच चिठ्ठी. रात्री नऊला मी एकेकाला फोन लावतो. जो उचलत नाही त्याच्या खोलीवर जातो.