मधलं पद अंदाजाने फोडू नका

मी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. 'वर्गसमीकरणे' हे प्रकरण आलं की मुलं अवयव पद्धतीत अडतात, आणि बहुतेक जण एकाच जागी: मधलं पद कसं फोडायचं? रीत पाठ असते. क्ष² चा सहगुणक आणि स्थिर पद यांचा गुणाकार करायचा, मग त्या गुणाकाराच्या अवयवांतून, ज्यांची बेरीज मधला सहगुणक येईल अशी जोडी शोधायची. पण ती शोधायची कशी, हे फारसं कुणी समोर बसवून दाखवत नाही. मग पोरं चाचपडत राहतात, नाहीतर सरळ सूत्र वापरून मोकळी होतात.

६क्ष² + ७क्ष − २० घ्या. गुणाकार −१२०. तो ऋण आहे, म्हणजे एक संख्या धन, एक ऋण. चिन्हं बाजूला ठेवली तर ७ चा फरक असलेली जोडी हवी. आता १२० चे मूळ अवयव पाडा: २ × २ × २ × ३ × ५. फरक विषम, म्हणजे जोडीतली एक संख्या सम आणि दुसरी विषम. तेव्हा तिन्ही २ एकाच संख्येत जाणार. वाटायचे उरले फक्त ३ आणि ५. जोड्या चारच: ८ व १५, २४ व ५, ४० व ३, १२० व १. फरक ७ पहिलीतच मिळाला. मधलं पद धन आहे, म्हणून मोठी संख्या धन: +१५ आणि −८.

६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − ४)

दुसऱ्या ओळीवर जरा थांबा. −४ सामाईक काढल्यावर −२० च्या जागी कंसात +५ येतात, −५ नाही. हातचे मार्क इथेच जातात. दोन्ही कंस सारखे नसतील तर पुढची ओळ लिहूच नका, चिन्हं तपासा.

जोडी सापडतच नसेल तर विवेचक काढा, म्हणजे मधल्या सहगुणकाच्या वर्गातून त्या गुणाकाराची चौपट वजा करा. इथे ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग; जोडी आहेच. शेवटी −२० ऐवजी −१९ असते तर ५०५ आले असते. तो पूर्ण वर्ग नाही, त्यामुळे पूर्णांकांत जोडी मिळणारच नाही. तिथे सूत्रच वापरा.

सरावाला मी भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथातलं वानरांचं उदाहरण आवर्जून देते. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करावा, तितके वानर वनात खेळतात. उरलेले १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? (क्ष/८)² + १२ = क्ष अशी मांडणी केली की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० मिळतं. ७६८ मध्ये आठ २ आणि एकच ३. त्यामुळे एक संख्या नुसत्या २ च्या गुणाकाराची, दुसरीत तो ३. बेरीज ६४ हवी: १६ आणि ४८. ताळा करा. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, त्यात १२ मिळवले की १६. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, त्यात १२ मिळवले की ४८. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, दोन्ही लिहा.